त्यावर प्रश्न नव्हता

पत्र रजिस्टर होतं. पोस्टमननं कागद पुढे धरला, आईनं ओले हात पदराला पुसले आणि ‘सत्यभामा’ एवढंच लिहिलं. आडनाव लिहायला वेळ लागायचा म्हणून ते ती नेहमीच गाळायची. पाकीट लांबोडकं, पांढरं, पत्ता इंग्रजीत टाइप केलेला आणि कोपऱ्यात निळ्या शाईतला, बोटीच्या कंपनीचा छोटा नांगर. तो नांगर बघितला आणि आई ओट्यावर मटकन बसली.

“शालन गो, वाच. सुखरूप आहे ना तो? तेवढं आधी सांग.”

मी नुकतीच सकाळच्या शाळेतून आले होते. शनिवार होता, फेब्रुवारीची अठरा तारीख, चौऱ्याऐंशी साल. दप्तर अजून खांद्यावरच होतं. ‘तो’ म्हणजे माझा दादा, रमाकांत. मालवाहू बोटीवर खलाशी होता. जुलैत गेला होता, आणि दर महिन्याला येणारं त्याचं पत्र डिसेंबरपासून आलं नव्हतं. वडील मी चौथीत असतानाच गेले. घरात आई आणि मी, आणि समुद्रावर कुठंतरी दादा, एवढंच आमचं माणूसबळ.

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना अजूनही कान गरम होतात. मी हुशार होते. म्हणजे सगळे तसं म्हणायचे, आणि मी कुणाला खोटं पाडत नव्हते. दहावीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या उताऱ्यावर मला वीसपैकी वीस मिळाले होते. आंबेवाडीत कुणाच्या घरात इंग्रजी अक्षर शिरलं की माणसं माझ्याकडे यायची. औषधाची बाटली, रेडिओबरोबर आलेलं पुस्तक, कुणाला आलेला कोर्टाचा कागद, सगळं मी वाचून दाखवायचे. “मयेकरांची शालन फाडफाड वाचते,” म्हणायचे. फाडफाड वाचत नव्हते मी. मी शोधत होते.

शोधायला शिकवलं आठल्ये सरांनी. आदल्या वर्षी आमच्या शाळेचे बावीस जण एकट्या इंग्रजीत आपटले होते, त्यातल्या दोघी मुलींची लगेच लग्नं लावून दिली. सरांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्या वर्षी जूनमध्येच त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन ओळी लिहिल्या आणि त्याभोवती चौकट काढून ‘पुसू नये’ असं लिहिलं. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा. सापडला की ते वाक्य उतरवा. सर म्हणायचे, उतारा कुणाचा, कशावर, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? बाकीच्या उताऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, तेवढ्यात दुसरा प्रश्न होतो. आम्ही घड्याळ लावून सराव करायचो. आठ मिनिटांत एक उतारा. मी पाच मिनिटांत करायचे. मधमाश्यांवरचा असो की कुणा राजावरचा, मला काही फरक पडत नव्हता. उतारा संपल्यावर त्यात काय होतं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण तसं कुणी विचारायचंच नाही.

तर आईनं प्रश्न विचारला होता. सुखरूप. मी पाकीट फोडलं, कागद उलगडला. तीन परिच्छेद. पहिला लांबलचक. मी नजर वरून खाली सोडली आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच ओळीत मला ‘सेफ’ सापडला. बोट आणि बोटीवरची माणसं सुखरूप आहेत.

“आहे,” मी म्हटलं. “सुखरूप आहे.”

आईनं डोळे मिटले. मग एकदम पुढचं विचारलं, कुठं आहे. तेही त्याच ओळीत होतं. डर्बन. बंदराचं नाव, पोचल्याची तारीख तीस जानेवारी. आणि येणार कधी? ‘रीच’ हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात होता, जवळच अठ्ठावीस फेब्रुवारी. सामान त्या तारखेला आपल्या पत्त्यावर पोचेल. सामान येतंय म्हणजे सामानाचा मालक येतोय, यात कसली शंका?

“सामानासकट येतोय, अठ्ठावीसला.”

“सामानासकट? म्हणजे बोट सोडून येतोय की काय कायमची?”

ते मला माहीत नव्हतं, पण आईचा चेहरा बघून मी असेल असं म्हटलं. तीन प्रश्न, तीन उत्तरं. घड्याळ लावलं असतं तर दोन मिनिटंही झाली नसती. कागदाची घडी घालून मी तो पाकिटात ठेवला.

आईचा एक नेम होता. दादा बोटीवर चढला की ती नारळ सोडायची, आणि तो सुखरूप उतरल्याचं कळलं की मगच खायची. ज्यांनी कोकणात दिवस काढलेत त्यांनाच कळेल हे केवढं अवघड आहे. आमच्याकडे आमटीत नारळ, भाजीत नारळ, माशात नारळ, घावनाबरोबर नारळाचा रस. सात महिने ती माझ्यासाठी वाटण वाटायची, माझ्या ताटात वाढायची आणि स्वतः कांद्याच्या पाण्यासारख्या कालवणाशी भात कालवून खायची. मी चिडायचे. तिकडे दादाला कुठं कळतंय तू काय खातेस, असंही एकदा म्हटलं होतं. ती म्हणाली, त्याला कळावं म्हणून नाही करत.

त्या दुपारी तिनं माळ्यावरून तीन नारळ काढले. एक देवापुढे फोडला, दोन खवायला घेतले. गूळ काढला. खवता खवता ती बोलत होती, किती दिवसांनी इतकं बोलत होती. दादाची गादी उन्हात टाकायला हवी. पोटमाळ्यावरची त्याची खोली सारवायला हवी. तो आला की तुझ्या पुढच्या शिक्षणाचं बघेल, रत्नागिरीला कॉलेजात घालू म्हणत होता. मी खवलेल्या खोबऱ्याचे बकाणे भरत होते आणि मधूनमधून तिला डर्बन कुठं आहे ते सांगत होते. भूगोलही माझा चांगला होता.

वड्या थापून झाल्या तेव्हा आईनं कडेची एक वडी उचलली. जरा वेळ ती हातात धरून बसली. मग तोंडात घातली आणि भिंतीला टेकून सावकाश, डोळे मिटून खाल्ली. सात महिन्यांनी. मी बघत होते. मला तेव्हा फार छान वाटलं, कारण ते माझ्यामुळे झालं होतं.

शेजारच्या चार घरांत वड्या गेल्या. मग आई म्हणाली, सरांना नेऊन दे. त्यांनी शिकवलं म्हणून आपल्याला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. तिनं स्टीलच्या ताटलीत बारा वड्या मांडल्या, वर केळीचं पान घातलं. पत्र न्यायला तिनं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या बुद्धीनं घेतलं. सरांनी बघावं, खरंखुरं पत्र, कंपनीचं, छापील नांगराचं, आणि मी ते कसं सोडवलं ते.

सर शाळेतच होते. शनिवारी दुपारी ते सरावाच्या प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर काढत बसायचे. बोटं काळी झाली होती म्हणून ते म्हणाले, वड्या ठेव तिथं, हात धुऊन घेतो. मी म्हटलं, सर, आधी पत्र बघा. कुठं कुठं काय सापडलं ते मी त्यांना भराभर सांगितलं, दुसऱ्या परिच्छेदात सेफ, तिथंच डर्बन, तिसऱ्यात तारीख. त्यांनी हसत हसत कागद घेतला. चष्मा वर केला आणि वरून वाचायला लागले.

मला आठवतं ते एवढंच की ते खालपर्यंत गेले आणि परत वर आले. पुन्हा खाली गेले. मग टेबलाशी खुर्ची होती तरी ते बाकावर बसले, मुलांच्या.

“शालन, तू कुठून वाचलंस?”

“दुसऱ्या परिच्छेदापासून, सर. सेफ तिथं आहे.”

“आणि पहिला?”

“त्यावर प्रश्न नव्हता, सर.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच. पहिल्या शब्दापासून. मोठ्यानं वाच, आणि एकेक वाक्य झालं की मराठीत सांग.”

या गोष्टीचा मी पुढे अनेक वर्षं विचार केला. पंधरा वर्षांच्या मुलीकडून ते वदवून घेणं हा दुष्टपणा होता का? का त्यांना स्वतःला सांगण्याचा धीर झाला नाही? रागही आला मला त्यांचा, खूप. आता वाटतं, त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. मास्तर माणूस, वाच म्हणण्यापलीकडे त्याला काय येणार?

मी वाचलं. पहिल्या वाक्यात कंपनीनं पाठवलेल्या पाच तारखेच्या तारेनुसार असं काहीतरी होतं. ती तार आम्हाला मिळाली नव्हती. आंबेवाड्या या जिल्ह्यात पाच-सहा आहेत, ती दुसरीकडेच गेली होती हे मागाहून कळलं. मी म्हटलं, “सर, तार आली नाही आम्हाला.” ते म्हणाले, “पुढे वाच.”

पुढच्या वाक्यात ‘रिग्रेट’ होता. रिग्रेट मला येत होता. आठवीत झाला होता, वाक्यात उपयोग करून मी त्याला दोन गुण मिळवले होते. ‘युअर सन’ येत होतं. ‘स्टॉर्म’ येत होतं, वादळावर तर निबंध होता आमचा. ‘लाटेनं डेकवरून’ हे मी मराठीत सांगितलं. ‘दोन दिवस शोध घेतला’ हेही सांगितलं. ‘शोध थांबवावा लागला’ हे सांगितलं नाही, पण कळलं होतं. त्या परिच्छेदातला एक शब्दही मला अडला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण लोकांना वाटतं पोरीला इंग्रजी येत नव्हतं. येत होतं हो मला. मी फक्त तिकडे बघितलं नव्हतं.

दुसऱ्या परिच्छेदाशी आले. बोट आणि बोटीवरची उरलेली माणसं सुखरूप आहेत. उरलेली. तो शब्दही तिथंच होता, सेफच्या अगदी शेजारी.

“बास,” सर म्हणाले.

मी रडले नाही. मला एकच सुचत होतं, की आईनं वडी खाल्ली. मी ते सरांना सांगितलं. सर, आईनं वडी खाल्ली, तिचा नेम होता. सरांना काही कळलं नसणार. त्यांनी काळ्या हातांनीच कोट चढवला, वर्गात गेले, आणि फळ्यावरची ती चौकट डस्टरनं पुसायला लागले. जूनपासूनचा खडू होता, नीट पुसला जाईना. मग त्यांनी ओला बोळा आणला. मी दारात ताटली घेऊन उभी होते. तेवढं झाल्यावर म्हणाले, चल.

वाटेत ते एकदाच बोलले. “हे मी केलंय, शालन. तू नाही.” मला तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

अंगणात दादाची गादी वाळत टाकलेली होती. आई शेणाच्या हातांनी पोटमाळ्यावरून उतरत होती. सरांना बघून तिनं लगबगीनं हात धुतले, पदर सारखा केला, या सर, बसा म्हणाली, पाणी आणते म्हणाली. आणि मग तिला माझ्या हातातली ताटली दिसली. केळीचं पान तसंच होतं.

“वड्या परत का आणल्यास?”

मी ताटली ओट्यावर ठेवली.

“सरांना गोड चालत नाही का?” तिनं सरांकडे बघून विचारलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला कळत चाललं होतं आणि ती ते दारातच अडवून धरत होती. “अगो, मग घरच्यांना न्यायच्या होत्या त्यांच्या.”

“वहिनी, तुम्ही जरा बसा,” सर म्हणाले. “मी ते पत्र पुन्हा वाचलं.”

आई बसली नाही. सरांकडे तिनं बघितलंही नाही. मलाच म्हणाली, “शालन, तू वाचलंस ना ते? तू सांग.”

सर काहीतरी बोलणार होते, तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणून ते मलाच सांगावं लागलं. “दादा नाही, आई,” मी म्हटलं. “पहिल्यांदा मी वरचं वाचलं नव्हतं.”

तिनं हंबरडा फोडला नाही. ती अंगणात गेली, गादी उचलली, झटकली, तिची नीट घडी केली आणि आत घेऊन आली. मग त्या घडीवर बसून रडली. तोवर शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांच्या तोंडात अजून वड्यांची चव असेल, असं मला राहून राहून वाटत होतं.

अठ्ठावीस तारखेला सामान आलं. कंपनीचा माणूस जीप घेऊन आला होता, हिरवी ट्रंक त्यानं ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडून पोचपावतीवर सही घेतली. सही करण्याआधी मी ती पावती वरपासून खालपर्यंत वाचली. तो घड्याळाकडे बघत उभा होता, मी वाचत होते.

सर त्या शनिवारनंतरच्या सोमवारपासूनच वर्गात नवीन काही करायला लागले होते. उतारा द्यायचे, प्रश्न द्यायचेच नाहीत. आधी अख्खा वाचा, मग मला सांगा काय वाचलं. परीक्षा दोन आठवड्यांवर, मुलं कावली. काहींच्या आयांनी येऊन तक्रार केली. त्या वर्षी इंग्रजीत पुन्हा सतरा जण गेले आणि सरांना त्याचं खूप ऐकून घ्यावं लागलं. असं शिकवण्यामागचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. मला उताऱ्यात वीसपैकी अकरा पडले. वेळ पुरला नाही.

पुढे मीही इंग्रजीचीच मास्तरीण झाले, लांज्याला. आता निवृत्त आहे. आठल्ये सर कधीच गेले. तीस वर्षं मी पोरांना उतारा दिला की पहिली दहा मिनिटं प्रश्नपत्रिका पालथी ठेवायला लावायचे. नव्या पद्धतीचे सल्लागार यायचे, म्हणायचे, मॅडम, वेळ वाया जातो. जाऊ दे, म्हणायचे मी.

आईनं त्यानंतर नारळ खाल्ला नाही. दादा सुखरूप उतरल्याचं कधी कळलंच नाही, तेव्हा नेम सुटणार कसा? माझ्या लग्नात खाल्ला नाही, नातवंडांच्या बारशाला नाही. लोकांनी खूप समजावलं. मी मात्र एकदाही ‘खा’ म्हटलं नाही. माझी जीभ कशी रेटणार? माझ्या शब्दावर विसंबून तिनं एकदा खाल्ला होता. मुलगा समुद्रात गेला होता आणि आई इकडे डोळे मिटून गोड खात होती. ते चित्र मी चाळीस वर्षं उराशी घेऊन फिरले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मला वाटायचं, ती बोलत नाही याचा अर्थ तोच आहे.

शेवटच्या आजारात ती माझ्याकडे लांज्याला होती. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट वाचत होते, माझ्या सवयीप्रमाणे सगळे, खालच्या बारीक अक्षरांसकट. ती बघत होती.

“अजून वाचतेस तसं,” ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आई, त्या दिवशी मी तुझा नेम मोडला.”

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

“पत्र बाराला आलं,” ती म्हणाली. “तू सरांना घेऊन आलीस तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर बारालाच सगळं संपलं असतं. तू वाचलंस म्हणून चार वाजेपर्यंत तो येणार होता. मी त्याची खोली सारवली. कुणाच्या नशिबात असतं तेवढं?”

मी तिचा हात धरला. हाडं लागत होती.

“आणि वडी चांगली झाली होती,” ती म्हणाली. “गूळ जरा जास्त पडला होता, पण त्याला तशीच आवडायची.”